दौंडला लोक रडले

"दौंडला लोक रडतायत, आप्पा. मग तुमच्याकडं शिट्ट्या कशा काय वाजल्या?"

सकाळी सकाळी शेठचा फोन. मी शिरूरच्या आमच्या थेटरच्या पायरीवर उभा राहून उलटं पोस्टर चिकटवणाऱ्याला चार शब्द सुनावत होतो. शेठचं वाक्य ऐकलं आणि ते उरलेले शब्द घशातच राहिले.

"कुठल्या पिक्चरला, शेठ?" मी वेड पांघरलं.

"तोच. आफ्रिकेचा. मी काल लग्नाला दौंडला गेलो होतो. बरोबर सौ. होती. सुभाषनं आग्रह करून बसवलं. अहो, थेटरात टाचणी पडली तर ऐकू येईल! सौ. तर रात्री जेवली नाही. सुभाषला पब्लिक कळतं हो."

पब्लिक कळतं. हे दोन शब्द माझ्या पोटात गेले ते तिथंच बसले.

शेठची दोन थेटरं होती, एक शिरूरला आणि एक दौंडला. शिरूरचा मॅनेजर मी, दौंडचा सुभाष. हा सुभाष एके काळी माझ्याकडं डोअरकीपर होता. स्टॉलचं तिकीट काढून बाल्कनीत घुसणारा माणूस चालीवरून कसा ओळखायचा, हे त्याला मी शिकवलं. दौंडची जागा रिकामी झाली तेव्हा शेठनं मला विचारलं, आणि मीच म्हणालो, पोरगा हुशार आहे. म्हणजे त्याची खुर्ची मीच माझ्या हातानं पुसून दिली होती. आता तो सफारी घालायचा, खिशाला दोन पेनं लावायचा आणि मला 'आप्पा, तब्येत काय म्हणती?' असं विचारायचा. माझी तब्येत ठणठणीत होती. त्याला बघितल्यावर बिघडायची.

त्यात शेठनं त्या वर्षी जाहीर केलं होतं, "माझं वय झालं. दिवाळीपासून दोन्ही थेटरांना एकच मॅनेजर. दुसऱ्यानं त्याच्या हाताखाली असिस्टंट म्हणून काम बघायचं." कोण, ते सांगितलं नव्हतं. मी कामाला जुना, म्हणून मला काळजी नव्हती. त्या फोनपर्यंत नव्हती.

आता त्या पिक्चरबद्दल सांगतो.

सिंगल स्क्रीनच्या धंद्यात एक 'लॉट' नावाची भानगड असायची. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे पिक्चर पुरवणारा, तुम्हाला दिवाळीचा मोठा पिक्चर द्यायचा, पण त्याच्याबरोबर न चालणारे चार गळ्यात बांधायचा. ज्वारी पाहिजे तर खडेही घ्या. दोन हजार साल उलटून गेल्यावर आलेल्या अशाच एका लॉटमधला हा खडा. परदेशी, हिंदीत डब केलेला. आफ्रिकेतल्या रवांडा देशात एका जमातीच्या लोकांनी दुसऱ्या जमातीला ठरवून संपवायचा घाट घातला, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना कापलं, त्या खऱ्या प्रकारावरची गोष्ट. डिस्ट्रिब्युटरच्या माणसानं मात्र पोस्टरवर कोयते घेतलेली माणसं टाकली, मागं आग लावली आणि मला सांगितलं, "आप्पा, अॅक्शन म्हणून चालवा."

मी चालवला. रिक्षावर भोंगा लावून मार्केट यार्डापासून एसटी स्टँडपर्यंत 'हाणामारीने खच्चून भरलेला' म्हणून ओरडवला. पहिल्या दिवशी तीनच्या शोला स्टॉल भरला. पहिल्या रांगेत बबन टेंपोवाला. हा बबन म्हणजे आमच्या थेटरची परीक्षा घेणारा मास्तर. त्याला आवडलं तर पाच पोरं दुसऱ्यांदा यायची, नाही आवडलं तर अख्ख्या मार्केट यार्डात बोंब.

पिक्चरमध्ये एक सुतार असतो. त्याच्या शेजारी केळीच्या बागेवाला. शेजाऱ्याला मूल होतं. सुतार त्या बाळासाठी पाळणा करायला घेतो. रंधा मारतो, लाकडाला हात लावून बघतो, परत रंधा मारतो. मग बारसं, नाचगाणं, शेजारी बाळाला सुताराच्या मांडीवर देतो. हे सगळं पहिल्या अर्ध्या तासाचं.

स्टॉलमधून बबन ओरडला, "मॅनेजर! आमी फायटिंग बघाया आलोय, सुतारकाम शिकाया न्हाई!"

थेटर हसून फुटलं. तिथून पुढं कुणी काही ऐकेना. इंटरव्हलनंतर कोयते निघाले. केळीवाला शेजारी कोयता घेऊन सुताराच्या दारात उभा राहिला, आणि बबननं दोन बोटं तोंडात घालून जी शिट्टी मारली ती बाहेर भजीवाल्यालासुद्धा ऐकू गेली. सुतार पडला. टाळ्या. नंतर नुसतंच पळणं आणि रडणं सुरू झालं, फायटिंग काही आली नाही, तशी माणसं उठून जायला लागली. बबन जाताना दारात मला म्हणाला, "आप्पा, हिरो हाणतच न्हाई कुणाला. असला कसला पिच्चर?"

चार दिवसांत मी तो उतरवला आणि डब्यांची पेटी एसटीनं दौंडला धाडून दिली. जा बाबा सुभाष, घे तू पण, असं मनात म्हणालो, हे कशाला लपवू? माझ्याकडं पडलेला पिक्चर त्याच्याकडं पडल्याशिवाय मला झोप गोड लागत नसे.

आणि तिथं लोक रडले!

दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. जेवताना बायको म्हणाली, "आमटी आळणी आहे का?" मी म्हणालो, "सुभाष आळणी आहे." तिला काही समजलं नाही. दौंडहून येणारा प्रत्येक माणूस मला तेच ऐकवायचा. डेपोतला कंडक्टर म्हणाला, दौंडला बायका पदर डोळ्याला लावून बाहेर पडतात. कांद्याचा व्यापारी म्हणाला, शोला खुर्ची मिळत नाही. लोक मला सांगायला तरी का येत होते? मी काय दौंडच्या थेटरचं सुतक पाळणारा होतो?

माझी खात्री होती की सुभाषनं काहीतरी डाव केला असणार. मध्ये माईकवर भाषण ठोकत असेल. रडक्या बायकांना फुकट पास देत असेल. त्याला ते शोभलं असतं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी एसटी धरली. न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंडला पोचलो तो तीनच्या शोची वेळ होत आली होती.

सुभाष गेटवरच होता.

"आप्पा! या या! तुम्ही? आमच्या गरिबाच्या थेटरात?"

"शेठ म्हणाले, बघून या."

"बघाच. तुम्हाला बाल्कनीत बसवतो."

"मी स्टॉलमध्ये बसतो."

"जशी मर्जी. आप्पा, एक सांगू? राग नका मानू. शिरूरचं पब्लिक वाईट न्हाई. पण पब्लिक घडवावं लागतं. आमच्याकडं रेल्वेचे लोक, बाहेर फिरलेले. मी हळूहळू टेस्ट बदलली त्यांची."

ज्याला मी डोअरकीपिंग शिकवलं तो मला टेस्ट शिकवत होता. मी त्यानं मागवलेला चहा अर्धा ठेवून आत गेलो.

स्टॉलमध्ये माझ्या शेजारी भीमाकाठचा एक वयस्कर शेतकरी बसला होता. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. पुढच्या रांगेत चार बायका, शेंगा फोडत. भाषणबिषण काही नाही. घंटा झाली, अंधार झाला, पहिलं रीळ सुरू.

इथं थोडी तांत्रिक माहिती द्यावी लागेल. तेव्हा पिक्चर म्हणजे फिल्मची मोठमोठी रिळं. या पिक्चरची सहा होती. प्रत्येक रीळ नंबर घातलेल्या पत्र्याच्या डब्यात. एक रीळ संपत आलं की ऑपरेटर दुसऱ्या मशीनवरचं पुढचं रीळ सुरू करतो, आणि तुम्हाला खाली बसून पत्ताही लागत नाही. रिळाच्या सुरुवातीला एक कोरी पट्टी असते, तिच्यावरही नंबर असतो. ती पट्टी फाटली तर डब्यावरच्या नंबरावर भरोसा ठेवायचा.

पहिलं रीळ संपलं. डोंगरावरचं गाव दाखवून झालं. आता पाळणा येणार, मी मनात म्हणालो. बघू दौंडच्या टेस्टवाल्यांना सुतारकाम किती आवडतं ते.

पाळणा आला नाही. कोयते आले.

मी खुर्चीत ताठ झालो. शेजारी सुताराच्या दारात उभा. ही मारामारी इंटरव्हलनंतरची! चौथ्या रिळातली! दुसऱ्याच्या जागी चौथं रीळ लागलं होतं. आणि मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. अगदी शिरूरसारख्या, खणखणीत. सुतार पडला तेव्हा इथंही टाळ्या झाल्या.

मला इतका आनंद कधी झाला नव्हता. पोराच्या दहावीच्या निकालालासुद्धा नाही. हेच का तुझं घडवलेलं पब्लिक, सुभाष? आणि रिळं उलटीपालटी लावून चार दिवस पिक्चर चालवतोस, तुला पत्ता नाही? मला शेठचा चेहरा दिसायला लागला. तिसरं रीळ बरोबर जागेवर आलं. त्यात गावातला रेडिओ माणसांची माथी भडकवतो. केळीवाला शेजारी रेडिओ ऐकता ऐकता सुताराच्या घरावरच्या नव्या पत्र्यांकडं बघत राहतो. शिरूरला मी हा प्रसंग गडबडीत नीट पाहिला नव्हता. ती नजर मला कुठंतरी ओळखीची वाटली. मी पडद्यावरचं लक्ष काढून घेतलं आणि शेठला फोनवर काय बोलायचं ते जुळवत बसलो.

इंटरव्हल झाला. लोक वडापाव घेऊन हसत परत आले. अंधार झाला, आणि पडद्यावर सुतार.

जिवंत. पायात लाकूड धरून रंधा मारत बसलेला.

"आरं, ह्यो तर मेला न्हवं?" मागून कुणी तरी म्हणालं.

"मागचं दाखवत्यात. गप."

सुतारानं लाकडावरून हात फिरवला. त्याच्या बायकोनं विचारलं, कुणासाठी? तो म्हणाला, शेजाऱ्याच्या बाळासाठी. त्या वाक्यानंतर वडापावचे कागद वाजायचे थांबले. शिरूरला जी पाच मिनिटं बबनला सुतारकाम वाटली, ती इथं लोकांच्या छातीवर बसली होती. ज्याच्या मरणावर मघाशी शिट्टी मारली, त्याची ओळख आता होत होती. तो पाळण्याची दोरी ओढून बघत होता, बाळाच्या वजनाला टिकेल का म्हणून. बारसं आलं. मेलेली सगळी माणसं ओळीनं जेवायला बसली. हसत होती. आणि शेजारी, तोच, सुताराला आग्रहानं वाढत होता.

पुढच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. शेंगा खाली सांडल्या. पडद्याकडं हात करून ती ओरडली, "आरं नगं दिऊस त्याला पाळणा! ऊठ तिथनं! घरला जा लेकरं घिऊन!"

कुणी हसलं नाही. तिच्या शेजारणीनं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि तीही रडायला लागली.

माझ्या शेजारचे ते शेतकरी आबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "ह्ये खरं घडल्यालं हाय का हो?"

"खरं आहे, आबा. आफ्रिकेत."

"बांधाला बांध हाय त्यांचा." त्यांनी गुडघ्यावरची टोपी हातात घेतली. "आन् ज्यानं मारलं, तो काय करतो आता? त्याच घरात ऱ्हातो व्हय? पाळणा बी त्याच्याकडंच आसंल मग."

 मीही रुमाल काढला, खोटं कशाला सांगू. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी मला दुसरंच सलत होतं. हे माझ्या थेटरात का नाही झालं? ही बाई माझ्या स्टॉलमध्ये का नाही उठली? त्या मेलेल्या सुताराचंसुद्धा मला सुभाषच्या नावावर जमा झालेलं बघवत नव्हतं.

शो सुटल्यावर सुभाष डोळ्यांत तेज घेऊन आला. "काय आप्पा? काय डोकं लावलंय डायरेक्टरनं! आधी मरण, मग बारसं!"

म्हणजे याला खरंच कळलं नव्हतं. मी नुसतं "छान," म्हणालो, वर केबिनमध्ये डोकावून डबे बघितले आणि स्टँडसमोरच्या पीसीओत शिरलो. असा मौका पुन्हा येणार नव्हता.

"शेठ, तुमच्या सुभाषनं रिळं चुकीची लावलीत. दुसऱ्याच्या जागी चौथं, चौथ्याच्या जागी दुसरं. चार दिवस! पब्लिक कळतं म्हणे. आकडे कळत नाहीत त्याला."

 मग शेठनं अगदी हळू विचारलं, "आप्पा, डब्यांवरचे नंबर तर बरोबर आहेत ना?"

"हो, पण आत भलतीच रिळं."

"पट्ट्यांवरचे नंबर?"

"त्या फाटल्यात."

"मग सुभाषच्या ऑपरेटरनं डबे बघून लावली. त्याचं काय चुकलं? डब्यात रिळं भरली कुणी?"

 पेटी शिरूरहून आली होती. पट्ट्या आमच्या जुन्या मशीननं खाल्ल्या होत्या. रिळं आमच्या केबिनमध्ये आमच्या दत्तोबा ऑपरेटरनं डब्यात घातली होती, पडलेला पिक्चर लवकर कटवायचा म्हणून माझ्याच शिव्या ऐकत ऐकत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"शिरूरला भरली," मी म्हणालो.

शेठ इतके हसले की त्यांना खोकला आला. "म्हणजे चूक तुमची आणि टाळ्या त्याच्या! असू द्या, असू द्या. कुणाला बोलू नका. सुभाषला तर अजिबात नको. अशीच चालू द्या."

"पण शेठ, त्यानं काहीच केलेलं नाही!"

"त्यानं काही बिघडवलं नाही ना? आणि आप्पा, तुम्ही पिक्चरला 'हाणामारी' म्हणून भोंगा फिरवला. त्यानं फिरवलेला भोंगा ऐकलात का? 'शेजाऱ्याची गोष्ट' म्हणून फिरवतोय. बायका येतात त्या त्यामुळं."

भोंगा मी ऐकला नव्हता. मी डाव शोधायला गेलो होतो आणि स्टँडवरच वाजणारा भोंगा माझ्या कानात शिरला नव्हता. हे शेठ म्हणाले त्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच मला ते जास्त झोंबलं.

दिवाळीच्या आधीच निकाल लागला. दोन्ही थेटरं सुभाषकडं. मी असिस्टंट. त्यानं पहिलं काम कुठलं केलं असेल? तोच पिक्चर परत मागवून शिरूरला लावला. सफारी घालून आला आणि म्हणाला, "आप्पा, शिरूरच्या पब्लिकला एक चान्स देऊ."

पेटी दौंडहून तशीच्या तशी आली. दत्तोबानं दुसरा डबा उघडून दोन हात फिल्म उजेडात धरली आणि मला केबिनच्या खिडकीतून हाक मारली. "आप्पा, ह्यात तर चार नंबर हाय! कोयतं हायेत की ह्यात!"

"माहीत आहे. लाव."

"आवो, पण…"

"लाव म्हटलं ना! साहेबांचा हुकूम आहे." सुभाषला मी पहिल्यांदा साहेब म्हणालो ते तेव्हा, आणि तेही त्याच्या माघारी.

पहिल्या रांगेत बबन होता. फुकट पासवर, सुभाषनं बोलावलेला. कोयते आले तशी त्यानं सवयीनं शिट्टी मारली. इंटरव्हलला बाहेर येऊन भजी खाल्ली. मी दारात उभा राहून वाट बघत होतो. आता सुतार आला की हा काय बोलतो ते मला पाठ होतं. आणि मनातून मला तेच हवं होतं. ओरड बाबा, एकदा ओरड, म्हणजे दौंडच्या टेस्टवाल्याला कळेल.

सुतार आला. रंधा सुरू झाला. बबन ओरडला नाही. त्याची दोन बोटं तोंडाजवळ गेली होती, ती तिथंच राहिली, आणि मग त्यानं तो हात खाली घेऊन मांडीखाली दाबून धरला. पार बारसं संपेपर्यंत.

शो सुटल्यावर तो सगळ्यांच्या शेवटी बाहेर आला. डोळे लाल. माझ्यापाशी थांबला.

"आप्पा, ह्योच पिच्चर मागं आपल्याकडं लागला हुता का?"

"हाच."

"न्हाई वो. ह्यो न्हवंच त्यो. तवा मी त्या सुताराला शिट्टी मारली आसती व्हय?" त्यानं नाक पुसलं. "दौंडवाल्या सायबांनी चांगला करून आणलाय. त्यांना सांगा, बबननं सांगितलंय म्हणून."

सुभाष शेजारीच उभा होता. सांगायची गरजच पडली नाही. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बघा आप्पा. पब्लिक घडवावं लागतं."

पुढं मी निवृत्त होईपर्यंत त्याच्या हाताखाली काम केलं. शेठनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही आणि मीही नाही. सुभाषचा अजून समज आहे की ती अक्कल डायरेक्टरची होती आणि तिची पारख त्याची. परवा त्याच्या सत्कारात कुणीतरी त्या पिक्चरचा विषय काढला, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. जरा हळूच.

नवीन पोरांना या धंद्यात आता रिळं दिसणार नाहीत, तरी एक सांगून ठेवतो. डब्यात रीळ घालताना नंबर नीट बघावा. आणि चूक व्हायचीच असेल, तर ती आपल्या थेटरात पहिल्या शोला होऊ द्यावी. पेटीत भरून दौंडला पाठवू नये.